बचाव वकिलाकडे खटले किती असावेत?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत सरकारी खर्चाने नेमलेल्या बचाव वकिलाने वर्षाला १५० पेक्षा अधिक गंभीर खटले घेऊ नयेत, असा दंडक असल्याचे वाचले. हा आकडा कोणी व कशावरून ठरवला? तो आजही पाळला जातो का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : हा आकडा १९७३ सालचा आहे. त्याआधी दहा वर्षे, १९६३ मध्ये, फ्लोरिडातील क्लॅरेन्स गिडियन या कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहून पाठवलेल्या अर्जावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर राज्याने तो दिलाच पाहिजे. अशा एका वकिलावर कामाचा भार किती टाकावा, याविषयी मात्र निकालात काहीच नव्हते. पुढे फौजदारी न्यायाची मानके ठरवण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय सल्लागार आयोगाने १९७३ मध्ये वर्षाला १५० गंभीर गुन्हे, किंवा ४०० किरकोळ गुन्हे, किंवा २०० बालगुन्हेगारीची प्रकरणे, किंवा २५ अपिले अशी कमाल मर्यादा सुचवली. हे सगळे मिळून नव्हे, तर यांपैकी एकाच प्रकारचे काम पूर्णवेळ करणाऱ्यासाठी ती होती.

ही मर्यादा ठरवताना कोणी घड्याळ लावून काम मोजले नव्हते. जाणत्या मंडळींच्या अंदाजावरच ती बेतलेली होती. तरीही पुढची पन्नास वर्षे अनेक ठिकाणी ती प्रमाण मानली गेली, आणि कित्येक कार्यालयांत तर तीही पाळली गेली नाही. २०२३ मध्ये रँड ही संशोधन संस्था, अमेरिकन बार असोसिएशन आणि राज्य न्यायालयांचे राष्ट्रीय केंद्र यांनी केलेल्या अभ्यासाने नवे आकडे दिले. पॅरोलविना जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्याला २८६ तास, खुनाच्या खटल्याला २४८, मधल्या दर्जाच्या गंभीर गुन्ह्याला ५७ आणि सर्वांत हलक्या किरकोळ गुन्ह्याला १३.८ तास. वर्षाचे २,०८० तास धरले, तर खुनाचे खटले वर्षाला आठ होतात.

हे २,०८० तास म्हणजे आठवड्याचे ४० तास गुणिले ५२ आठवडे. त्यात सणवार नाहीत, आजारपण नाही आणि प्रशिक्षणही नाही, म्हणजे हिशेब वकिलाच्या बाजूने झुकवलेला नाही. आता त्याच तासांना जुन्या १५० ने भागून पाहावे. प्रत्येक गंभीर खटल्याच्या वाट्याला १४ तासही येत नाहीत. घरफोडी असो की जबरी चोरी, जुन्या मानकाने जेवढा वेळ दिला, जवळजवळ तेवढाच आज अगदी क्षुल्लक गुन्ह्याला लागतो, असे नवा अभ्यास सांगतो. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आणि मोबाइलमधील माहिती तपासण्याचे काम १९७३ मध्ये नव्हतेच.

प्रश्न : असे तास मोजतात तरी कसे? वकील स्वतःच वेळ सांगणार असतील, तर ते वाढवूनच सांगणार नाहीत का? (निवृत्त शिरस्तेदार, सातारा)

उत्तर : शंका रास्त आहे, पण पहिली अडचण नेमकी उलट्या बाजूची आहे. वकिलांना रोजच्या कामाची वेळनोंद ठेवायला लावली, तर भाराखाली दबलेला वकील एका प्रकरणाला किती वेळ देऊ शकला, एवढेच कळते. त्या सरासरीचेच मानक केले, तर कालची हेळसांड उद्याचा नियम होऊन बसते. म्हणून वेळनोंद हा निम्माच भाग असतो.

उरलेल्या भागासाठी ‘डेल्फी’ पद्धत वापरतात, जी मूळ रँडनेच विकसित केली. अनुभवी बचाव वकिलांना खटल्याचा प्रकार आणि त्यातले एकेक काम नेमून विचारले जाते: आरोपीशी भेटी, पुराव्याची छाननी, साक्षीदारांचा शोध, कायद्याचा अभ्यास, सरकारी पक्षाशी बोलणी, शिक्षेवरील युक्तिवादाची तयारी. यांतले काम किती टक्के प्रकरणांत करावे लागते आणि नीट करायचे तर किती वेळ लागतो, हे प्रत्येक जण स्वतंत्रपणे सांगतो. मग इतरांची उत्तरे नावे न देता समोर ठेवून पुन्हा विचारले जाते. टोकाचे आकडे इथे बहुधा टिकत नाहीत.

मिझुरी राज्याच्या २०१४ च्या अभ्यासात दोन्ही भाग शेजारी मांडलेले आहेत. न्यायालयातील हजेरी आणि प्रवास सोडून, किरकोळ गुन्ह्याला प्रत्यक्षात सरासरी २.३ तास मिळत होते, तर तज्ज्ञांच्या मते ११.७ हवे होते. वरच्या दोन श्रेणींतील गंभीर गुन्ह्यांत हेच प्रमाण ८.७ आणि ४७.६ होते. खुनाच्या खटल्यांत मात्र ८४.५ विरुद्ध १०६.६, म्हणजे तफावत बरीच कमी. वेळ वाढवून सांगण्याचाच हेतू असता, तर तो याच खटल्यांत आधी दिसला असता, असे मला वाटते. दबलेले कार्यालय वेळ वाचवते ते हलक्या समजल्या जाणाऱ्या प्रकरणांतून. तेथे पुरावा न पाहताच आरोपीला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मिळण्याचा धोका अधिक असतो.

प्रश्न : मर्यादा ओलांडली तर पुढे काय होते? आणि हे आकडे आपल्या लोकअभिरक्षक कार्यालयांना (गरजू आरोपींना मोफत बचाव वकील देणाऱ्या कार्यालयांना) लावता येतील का? (वकील, जळगाव)

उत्तर : नवे प्रकरण नाकारण्याचा अधिकार नसेल, तर मर्यादा कागदावरच राहते. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा अधिकार मान्य केला. तरीही पैशाचा प्रश्न सुटला नाही. २०१६ मध्ये तर तेथील बचाव कार्यालयाचे संचालक मायकेल बॅरेट यांनी, राज्यपाल स्वतः वकील असल्यामुळे, एका आरोपीच्या बचावासाठी त्यांचीच नेमणूक करून टाकली! न्यायालयाने ती अर्थातच उडवून लावली. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वेगळी वाट धरली: गंभीर गुन्ह्यांची मर्यादा १५० वरून ४७ गुणांवर आणायची, जड प्रकरणाला अधिक गुण मोजायचे आणि हा बदल २०२६ पासून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने करायचा. स्थानिक प्रशासनांना माणसे आणि पैसा उभा करायला अवधी देणारी ही रीत मला अधिक व्यवहार्य वाटते.

आपल्याकडे मोफत वकिलाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ठळक केला. २०२२ च्या सुधारित योजनेनुसार नेमलेले लोकअभिरक्षक पूर्णवेळ असतात व त्यांना खासगी वकिली करता येत नाही, त्यामुळे त्यांचा वेळ मोजणे निदान शक्य आहे. अमेरिकेचे तास मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे बहुतेक प्रकरणे कबुलीच्या तडजोडीत संपतात. आपल्याकडे सत्र खटला तारखांवर तारखा पडत चालतो, आणि साक्षीदार न आल्याने वाया गेलेला दिवसही वकिलाचाच असतो. रिमांड, जामीन आणि प्रत्यक्ष खटला यांचे काम वेगवेगळ्या सहाय्यकांकडे गेले, तर एकच प्रकरण तीनदा मोजले जाण्याची शक्यताही आहे. म्हणून आपल्या कार्यालयाने आधी सहा महिने तारीखवार नोंद ठेवावी: कोणते काम, किती वेळ, तारीख कोणामुळे वाया गेली आणि वेळेअभावी काय राहून गेले. शेवटचा रकाना सहसा कोणी ठेवत नाही. आपण तो जरूर ठेवावा.