बोट ठेवा, कर्ज सोडा

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. चौदा महिन्यांनी ते निवृत्त होतील. पत्नीने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि इटलीचा अमाल्फीचा किनारा बोटीतून पाहायचा हे त्यांचं जुनं स्वप्न आहे. मे महिन्यातल्या सहलीचा खर्च ७.४० लाख येतो. हाताशी २.४० लाख आहेत. ३ लाखांची मुदत ठेव जुलैत पिकते, पण तिला हात लावायला मन धजत नाही, म्हणून ५ लाखांचं पर्सनल लोन घ्यावं का?

नमस्कार. आधी स्पष्ट सांगतो, जा. घराचं कर्ज फिटलंय, सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवलाय, पीएफ आणि ग्रॅच्युइटीला तुम्ही हात लावत नाही आहात. गुडघे साथ देतायत तोवरच बोटीत चढणं-उतरणं सोपं असतं.

पण कर्ज नको. १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी ५ लाख घेतले तर हप्ता सुमारे १३,६६० रुपये बसतो आणि व्याजच १.५६ लाखांच्या आसपास जातं. त्यातले तीसहून जास्त हप्ते पगार थांबल्यावर भरायचे आहेत, ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. सात टक्के मिळवणारी ठेव जपायची म्हणून चौदा टक्के मोजायचे, हा व्यवहार तुमच्याच अंगावर येईल.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन ओळ न् ओळ वाचलं. खासगी बोट, पूर्ण दिवस, ९०० युरो. तिच्यावर तुम्ही लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलंय. मी ते चिन्ह दोन ओळी वर सरकवेन, त्याच किनाऱ्यावरच्या पोझितानो गावातल्या सहा रात्रींच्या २.४० लाखांवर.

कारण हा किनारा समुद्रातून बघण्यासाठीच आहे. एकोणिसाव्या शतकात डोंगराच्या कडेने रस्ता झाला, तोवर इथली ये-जा होड्यांनी नाहीतर खेचरांच्या वाटांनी चाले. गावांची तोंडं पाण्याकडे आहेत, चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले बुरूजही. अमाल्फी हे एके काळी स्वतंत्र सागरी सत्ता असलेलं शहर होतं. १३४३ च्या वादळात त्याचं बंदर आणि खालची वस्ती समुद्राने गिळली. एवढ्याशा गावात एवढं भव्य कॅथीड्रल का, हे वहिनींना बोटीतून गाव बघताना लगेच उमगेल. आणि पोझितानोसमोर ली गाल्ली ही तीन छोटी बेटं आहेत. गाणं गाऊन खलाशांना खडकांवर ओढणाऱ्या, अर्ध्या बाई अर्ध्या पक्षी अशा ग्रीक पुराणकथांतल्या सायरन इथल्याच, असं मानतात. त्यांच्या गाण्याला भुलून जाऊ नये म्हणून ग्रीक वीर ओडिसिअसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं ती गोष्ट वहिनींनी वर्गात कितीदा सांगितली असेल! बेटं खासगी मालकीची आहेत, उतरता येत नाही. पण छोटी बोट त्यांच्या अगदी जवळून नेते. फेरीतून, म्हणजे गावागावांना जोडणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीतून, ती लांबूनच दिसतील.

म्हणून बोट ठेवा, फक्त इतर प्रवाशांबरोबरची शेअर बोट घ्या. तुमच्याच कोटेशनमध्ये तिचा दर माणशी ११० युरो आहे, म्हणजे दोघांचे २२०. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ६८,००० वाचले. मुक्काम पोझितानोऐवजी जवळच्या सालेर्नो शहरात करा. तिथे तशाच सोयीची खोली निम्म्याहून कमी पैशांत मिळायला हरकत नाही. तिथून फेरीने अमाल्फी साधारण पस्तीस मिनिटं, पोझितानो तासाभराहून थोडं जास्त. दोन्ही बदलांनी खर्च ५.३० लाखांच्या घरात येतो, म्हणजे हातातले पैसे आणि पिकलेली ठेव यांत भागतो.

तारीख मात्र हलवावी लागेल. मेऐवजी सप्टेंबरचा शेवट धरा. ठेव दंड न भरता हातात येते, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, पाणी अजून उबदार असतं आणि फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत चालू असतात. तुम्ही तिथे पोहोचाल त्याच्या दुसऱ्याच दिवसासाठी बोट बुक करा. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, मग बदलायला दिवस हाताशी हवेत. हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतील, हे लेखी मागा.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे कंपनीने पैसे घेतानाच कापून घेतलेला आगाऊ कर, भरावा लागेल. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना करात वळता होतो; पण तोवर रक्कम अडकते, तिची सोय ठेवा. परदेश प्रवासाला एलटीएची (नोकरीतल्या प्रवास भत्त्याची) करसवलत नाही, ती गृहीत धरू नका. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा; कोटेशनमध्ये विम्याची ओळ मला दिसली नाही. तिथे कार्ड मशीनवर ‘रुपये की युरो’ असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयाचा दर महाग पडतो.

आणि या आठवड्यात एक काम करा. ठेवीच्या पावतीवर ‘ऑटो रिन्युअल’ आहे का बघा. असेल तर आत्ताच बँकेत अर्ज देऊन ते बंद करा, नाहीतर जुलैत ती पुन्हा वर्षभरासाठी अडकेल.