टिपेखालचा गारठा

प्रश्न : हिमालयातल्या ट्रेकसाठी घरीच डाउनची (बदक-हंसांच्या मऊ पिसांची) दुलई शिवते आहे. गोधडीसारखी आरपार टीप घातली तर चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घालू, ताई. माझी पहिली दुलई तशीच होती. पहाटे प्रत्येक टिपेखाली अंगावर गारठ्याची रेघ कळायची, कारण तिथे दोन्ही कापडं चिकटतात आणि पिसांना जागाच उरत नाही. दोन कापडांमध्ये मच्छरदाणीच्या जाळीच्या पट्ट्या भिंतींसारख्या उभ्या शिवून कप्पे करा. पट्टी 7 सेंटिमीटर रुंद कापा, शिवण जाऊन 5 उरतात. 200 बाय 130 सेंटिमीटरच्या दुलईला 800 फिल पॉवरचं (हे डाउन किती फुगतं त्याचं माप) डाउन साधारण 280 ग्रॅम लागतं. मी 320 भरते. कप्पे गच्च असले की पिसं एका कडेला सरकत नाहीत. कापड डाउनप्रूफ, म्हणजे पिसं बाहेर न सोडणारं नायलॉनच, सुई 9 नंबरची. जाड सुईच्या भोकांतून पिसं महिनोन्‌महिने निघत राहतात, फार जीव जळतो. भरताना बाथरूम गाठा, खिडकी-पंखा बंद. आणि स्लीपिंग बॅगसारखा पाठीखालचा भाग शिवूच नका! अंगाखाली दबलेलं डाउन ऊब देत नाही. तिथे चांगली मॅट हवी.