गोल आटले म्हणून सीनियरला बसवायचं का?

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

हंगाम बाद फेरीकडे झुकला की कोल्हापूरच्या पेठापेठांत एकच वाद पेटतो. वर्षानुवर्षं संघ ओढलेल्या, पण यंदा न चालणाऱ्या सीनियरचं काय करायचं? या वेळी निवडलेले सगळे प्रश्न त्याच वादातले आहेत.

आमचा फॉरवर्ड ३४ वर्षांचा आहे. यंदा सात सामन्यांत एकच गोल, तोही पेनल्टीवर. कट्ट्यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, ‘नाव बघू नका, खाली बसवा.’ दुसरा म्हणतो, ‘फायनलला तोच लागणार.’ गोल सोडून काय बघून ठरवायचं?
— एक वाचक, शिवाजी पेठ

सात सामन्यांतले गोल हे फारच तोकडं माप आहे. भल्याभल्या फॉरवर्डला एवढा दुष्काळ पडतो आणि पुढच्या दोन सामन्यांत तो फिटतोही. गोल होत नाहीत यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. चेंडू मिळतो, पण फटका चुकतो. चेंडूच मिळत नाही. किंवा चेंडू येतो, पण हा तिथं पोचत नाही. तिन्हींवर इलाज वेगळा, आणि गॅलरीत बसून नुसत्या नजरेनं हा फरक कळत नाही.

म्हणून शाहू स्टेडियमवर जाताना दोघांनी वही घेऊन बसा. पानावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. पहिल्यानं फक्त चेंडूसह खेळ टिपायचा : मोठ्या डीत (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात) चेंडूला किती वेळा पाय किंवा डोकं लागलं, फटके किती, त्यातले गोलपोस्टच्या आत किती, चेंडू किती वेळा घालवला. शिवाय विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेनं, डीत एकूण क्रॉस किती आले, हेही त्यानंच लिहायचं. दुसऱ्यानं चेंडूकडे बघायचंच नाही. त्याची नजर सामनाभर त्या एका खेळाडूवर. आपल्या संघाचा चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत तो अंगावर जातो का, समोरच्या संघाची चढाई सुरू झाली की चेंडूच्या मागे येतो का, बचावफळीच्या पाठीमागे किती वेळा धाव घेतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, दहा मिनिटांत डोळे चेंडूकडे वळतातच. त्यामुळे पूर्वार्ध एकानं, उत्तरार्ध दुसऱ्यानं असं वाटून घ्या.

तीन सामन्यांच्या नोंदी झाल्या की वही उघडा. फटके पुरेसे आहेत, पोस्टच्या आतही आहेत, फक्त जाळी हलत नाही, तर त्याला हात लावू नका. क्रॉस कमी आणि त्याचे डीतले स्पर्शही कमी, तर दुखणं हाफ (मधल्या फळीतले खेळाडू) आणि विंगकडे आहे. तिथं नवा पोरगा उभा केलात तर तोही उपाशीच राहील. क्रॉस भरपूर, पण याचे स्पर्श कमी, तर पाय जड झालेत असं समजा. आणि सामन्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात दुसऱ्या वहीचे रकाने रिकामे पडत असतील, तर त्याच्या वाटणीचं पळणं दोन्ही हाफ करताहेत. ते दमले की मधली जागा उघडी पडते आणि गोल तिथून बसतो. बसवायचं कारण असेल तर ते हे.

एक सापळा मात्र टाळा. मोकळ्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला की तो प्रसंग अख्ख्या पेठेच्या महिनाभर लक्षात राहतो. पण ती संधी हुकवायला तो योग्य जागी, योग्य वेळी हजर होता, एवढं तरी त्यातून दिसतंच. आमच्या मते संधी हुकवणाऱ्यापेक्षा जो संधीच्या आसपासही दिसत नाही, त्याची काळजी आधी करावी.

वयामुळं वेग गेलाय की नुसती चर्चा आहे, हे मैदानावर कसं तपासायचं? आमच्याकडं महागडी यंत्रं नाहीत.
— एक प्रशिक्षक, कसबा बावडा

टेप, आठ कोन (खुणेचे शंकू), शिट्टी आणि मोबाइल पुरतो. पहिली चाचणी ३० मीटरची. ०, १० आणि ३० मीटरवर कोन ठेवा. प्रत्येकाला तीन धावा, दोन धावांत तीन मिनिटं विश्रांती, सर्वांत चांगली वेळ धरा. हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. बोटाच्या उशिरानं दोन दशांश सेकंद सहज इकडेतिकडे होतात, आणि ३० मीटरमध्ये तेवढ्यात जलद आणि संथ खेळाडूंची अदलाबदल होते. बाजूनं मोबाइलवर चित्रीकरण करा आणि फ्रेम मोजा.

दुसरी चाचणी जास्त बोलकी. त्याच ३० मीटरच्या सहा धावा, दर ३० सेकंदांनी एक. पहिली धाव वेगवान आणि पाचवी-सहावी ढेपाळलेली, असं चित्र सीनियर खेळाडूंत नेहमी दिसतं. एकट्या धावेचा वेग बराचसा टिकून असतो. लगेच दुसरी धाव घेण्याची ताकद आधी उतरते. गॅलरीतून मात्र ‘वेग गेला’ असंच वाटतं.

दमसास बघायचा तर यो-यो चाचणीची पहिली पातळी घ्या. २० मीटर जाऊन परत यायचं, मग १० सेकंदांत ५ मीटर पुढं जाऊन परत. सुरुवात ताशी १० किलोमीटरनं होते आणि टप्प्याटप्प्यानं वेग वाढत जातो. दुसऱ्यांदा बीप चुकली की चाचणी संपली. ध्वनिफीत मोबाइलवर मिळते.

चूक होते ती वेळेची. सामन्यानंतर ७२ तास जाऊ द्या. उन्हाळ्यात दुपारी टणक मैदानावर चाचणी घेऊन काही हाती लागत नाही. सकाळी गांधी मैदानासारख्या नेहमीच्या सरावाच्या जागी, रोजचेच बूट घालून घ्या. दुसरी चूक म्हणजे एकट्यालाच पळवणं. चाचणी सगळ्या संघाची घ्या, नाहीतर ती चाचणी न राहता खटला होतो आणि ड्रेसिंग रूम दुभंगते. हंगामाच्या सुरुवातीचे आकडे जवळ असतील तर उत्तमच. खेळाडूची तुलना आधी त्याच्याशीच करायची.

आणि एक विचाराच : मांडीमागचा स्नायू दुखतोय का? तिशीनंतर ही दुखापत वाढते आणि सीनियर ती लपवतात. नॉर्डिक व्यायामानं तिचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे घट्ट दाबायचे आणि शरीर ताठ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे दोन सेट इथून सुरुवात करा. पहिले दोन आठवडे पाय चांगलेच ठणकतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

मधला मार्ग म्हणून शेवटची २०-२५ मिनिटं उतरवलं तर?
— एक वाचक, मंगळवार पेठ

चांगला मार्ग आहे, पण तो नेहमी लागू पडत नाही. आपण मागे असू तेव्हा समोरचा संघ डीसमोर गर्दी करून उभा राहतो. तिथं पळायला जागाच नसते. हेडर, अंगावर माणूस घेऊन चेंडू धरणं, अर्ध्या पावलाच्या जागेत फटका, ही सीनियरची कामं. आपण एका गोलनं पुढं असू तेव्हा मात्र हाच बदल अंगलट येतो. समोरचे बॅक निवांत चेंडू वर आणतात आणि याला अंगावर जाणं जमत नाही. आघाडी टिकवायची असेल तर ताजा पोरगाच उतरवा.

उतरवण्यापूर्वी १० ते १२ मिनिटं अंग गरम करायला द्या आणि त्यात शेवटी पूर्ण वेगाच्या तीन-चार धावा हव्यातच. इथं होतं काय, की तो पूर्वार्धात एकदा वॉर्मअप करतो, मग अर्धा तास बाकावर बसून गार होतो आणि हाक आल्यावर थेट मैदानात जातो. पहिल्याच धावेत मांडी धरून खाली बसणारे याच रांगेतले. दुसरी चूक म्हणजे आपल्यावर कॉर्नर असताना बदल करणं. नव्या माणसाला कुणाला धरायचं हे माहीत नसतं आणि नेमका त्याच्या वाटणीचाच प्रतिस्पर्धी मोकळा सुटतो.

बाद फेरीत टायब्रेकरचाही हिशेब ठेवा. खेळ संपतो त्या क्षणी मैदानात असलेल्यांनाच पेनल्टी मारता येते, जखमी गोलकीपरचा अपवाद वगळता. त्यामुळं बरोबरी सुटत नसेल तर चांगला पेनल्टी मारणारा सीनियर वेळेत आत घ्या. आंतरराष्ट्रीय नियमात पाच बदल तीन टप्प्यांत करता येतात, मध्यंतरातले बदल टप्प्यात धरत नाहीत. आपल्या स्पर्धेत किती बदल आहेत, हे नियमावलीत आधी वाचून घ्या.

२०२२ च्या विश्वचषकात रोनाल्डोला बसवलं आणि पोर्तुगाल ६-१ नं जिंकलं. याहून वेगळा पुरावा काय पाहिजे?
— एक वाचक, राजारामपुरी

पुरावा अर्धाच सांगितलात. ६ डिसेंबरला स्वित्झर्लंडविरुद्ध प्रशिक्षक फर्नांडो सँतोस यांनी ३७ वर्षांच्या रोनाल्डोऐवजी २१ वर्षांच्या गोन्सालो रामोसला सुरुवात दिली आणि त्यानं हॅटट्रिक केली. पुढच्याच सामन्यात, मोरोक्कोविरुद्ध, हाच रामोस सुरुवातीला होता. पोर्तुगाल ०-१ नं हरलं, रोनाल्डो ५१ व्या मिनिटाला उतरूनही गोल फिटला नाही. मोरोक्कोनं मागं जागाच सोडली नव्हती. म्हणजे प्रतिस्पर्धी कसा खेळतो यावरही खूप काही ठरतं. उलट टोक २०२४ च्या युरोत दिसलं. ३९ वर्षांचा रोनाल्डो जवळपास प्रत्येक मिनिट खेळत राहिला, एकही गोल न करता. त्याला बाकावर बसवायला नव्हे, निदान साठाव्या मिनिटाला बदलायला तरी कुणीतरी धजायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कट्ट्यावर क्वचित निघणारं उदाहरण जर्मनीचं. मार्च २०१९ मध्ये प्रशिक्षक योआखिम लोव यांनी म्युलर, हुमेल्स आणि बोआटेंग या तिघांना एकाच फटक्यात संघाबाहेर काढलं आणि दार बंद केल्याचं जाहीरही केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पेननं जर्मनीला ६-० नं झोडपलं. मे २०२१ मध्ये म्युलर आणि हुमेल्स यांना युरोसाठी परत बोलवावं लागलं. खाली बसवणं चुकीचं नव्हतं. कायमचं काढलं असं चारचौघांत सांगून टाकणं नडलं.

आपल्याकडचं सुनील छेत्रीचं उदाहरण तर ताजंच आहे. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना झाला. गोल करणारा दुसरा कुणी उभा राहिना, म्हणून मार्च २०२५ मध्ये चाळिशीत तो परतला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० च्या विजयात त्यानं हेडरवर गोल केला. सीनियरला बसवण्याआधी त्याच्या मागं कोण आहे हे बघायचं असतं. कोल्हापुरात पोरांची वानवा नाही. इथला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण हंगामभर बाकावर ठेवलेल्या पोराला थेट सेमीफायनलला उतरवून ‘दाखव’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला लीगच्या सोप्या सामन्यांत अर्धा-अर्धा तास मिळालेला असायला हवा.

फॉरवर्डला मागं स्टॉपर (मधला बचावपटू) म्हणून खेळवावं का? अनुभव आहे, डोकं आहे.
— एक वाचक, फुलेवाडी

शक्यतो नको. स्टॉपरला पाठीमागं वळून पळावं लागतं आणि वय नेमकं तिथंच उघडं पडतं. शिवाय ऑफसाइडची रेषा धरून पुढं-मागं होण्याची सवय फॉरवर्डला नसते. तो एक पाऊल मागं राहतो आणि सगळी फळी फसते. १९९० ला मधल्या फळीत खेळून विश्वचषक उचलणारा लोथार माथेउस १९९८ च्या विश्वचषकात ३७ व्या वर्षी बचावात खेळला खरा, पण तो मुळात मधल्या फळीतला, आयुष्यभर चेंडूकडे तोंड करून खेळलेला. फॉरवर्डला मागं आणायचंच तर नव्या फॉरवर्डच्या दहा-पंधरा मीटर मागं ठेवा. पाठीशी दोन पळणारे हाफ हवेत. तेवढे नसतील तर हा विचार सोडा.

तो कॅप्टनही आहे. त्याला सांगायचं कुणी आणि कसं?
— एक कार्यकर्ता, जुना बुधवार पेठ

प्रशिक्षकानं, समोरासमोर, सामन्याच्या दोन दिवस आधी. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी नाही आणि व्हॉट्सॲपवर यादी टाकून तर मुळीच नाही. वहीतले आकडे दाखवा, नेमकं काम सांगा (‘मागं असलो तर साठाव्या मिनिटाला तू’) आणि पुढच्या कोणत्या सामन्यात पुन्हा विचार होईल तेही सांगा. मैदानात प्रत्येक संघाचा दंडपट्टी बांधलेला कॅप्टन असावाच लागतो, त्यामुळं त्या दिवशी पट्टी कुणाकडं हे त्यालाच ठरवू द्या. घरातल्या माणसांना आणि पेठेला बातमी त्याच्या तोंडून कळली तर निम्मा गोंधळ वाचतो.

गोल आटलेत, तरी पेनल्टी त्यालाच का देतात?
— एक वाचक, गंगावेस

पेनल्टीला पाय ताजे लागत नाहीत, म्हणून. पण नावावर देऊ नका. सरावाच्या अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना, प्रत्येकाला रोज पाच पेनल्टी मारायला लावा आणि आठवडाभर कोपऱ्यासकट लिहून ठेवा. त्यात तो पहिल्या दोघांत असेल तर चेंडू त्याच्याच हातात द्या. एक हुकली म्हणून लगेच काढून घेऊ नका : २०२४ च्या युरोत स्लोव्हेनियाविरुद्ध जादा वेळेत रोनाल्डोची पेनल्टी ओब्लाकनं अडवली आणि थोड्याच वेळात टायब्रेकरची पहिली किक त्यानंच जाळीत मारली. धाव पूर्ण झाल्यावर चेंडूपाशी थबकून कीपरला हुलकावणी देण्याची सवय मात्र मोडायला लावा. त्यावर पिवळं कार्ड मिळतं, गोल बाद होतो आणि फ्री किक समोरच्यांना जाते.