मानसिक आरोग्य सेवेत पीअर सपोर्टचं काम करताना खऱ्या अडचणी कोणत्या येतात?

तुम्ही स्वतः आजारातून सावरला आहात आणि रुग्णालयातल्या पीअर सपोर्ट वर्करच्या, म्हणजे स्वतः मानसिक आजार अनुभवून इतर रुग्णांना आधार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज करावा का, असं विचारलंय. जरूर करा. फक्त होकार देण्याआधी कामाचं स्वरूप लेखी मागून घ्या.

दुसऱ्याचं दुःख ऐकून आपण पुन्हा आजारी पडू, ही भीती बहुतेकांना असते. माझ्या मते त्याहून मोठा धोका म्हणजे व्यवस्था तुम्हाला हळूहळू तिच्यातलंच करून टाकते. वॉर्डात माणसं कमी पडतात. मग आज तपासणीला सोबत जा, उद्या गोळ्या घेतल्या का बघ, परवा फॉर्म भरून घे. काही महिन्यांत समोरच्याला तुम्ही स्टाफच वाटू लागता आणि स्टाफपासून जे लपवायचं ते तो तुमच्यापासूनही लपवतो. म्हणून तुम्ही काय करणार नाही, तेही कागदावर हवं: औषधं देणं, कुणाला जबरदस्तीने धरून ठेवणं, दाखल करण्याच्या निर्णयात भाग घेणं.

खरी कसोटी लागते ती गोपनीयतेची. समजा, कुणी सांगितलं, "रात्रीची गोळी आठवडाभर निम्मीच घेतोय, डॉक्टरांना सांगू नका." इथे शब्द देऊन बसलात तर अडकलात. पहिल्याच भेटीत स्पष्ट करा की बोलणं तुमच्यापाशीच राहील, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर टीमला सांगावं लागेल, आणि तेही आधी त्यांना कल्पना देऊनच. मग गोळी कमी का केली ते विचारा. सकाळी जाग येत नाही, वजन वाढतंय, अशी कारणं बहुधा अगदी रास्त असतात. डॉक्टरांना काय सांगायचं ते दोघांनी मिळून दोन ओळींत लिहा, हवं तर भेटीला सोबत बसा. मात्र औषध कोणतं हे विचारायला विसरू नका. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची गोळी) ४८ तासांहून जास्त चुकली तर जुन्याच डोसवर परत सुरू करता येत नाही, पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढवावी लागते. अशा वेळी पुढच्या भेटीची वाट बघू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं.

फाइलमधली नोंद शक्यतो त्या माणसासमोर, त्याच्याच शब्दांत लिहा. "सहकार्य करत नाही" असं लिहिलं की तो शिक्का वर्षानुवर्षं फिरतो. "सकाळी सुस्ती येते म्हणून गोळी कमी केली, डॉक्टरांशी बोलायला तयार आहेत" यातून पुढचा मार्ग दिसतो.

दुसरा जाच सहकाऱ्यांचा. इतर कुणी चिडलं तर कामाचा ताण, तुम्ही चिडलात तर "लक्षणं परत आली का?" सुपरव्हिजनमध्येही तब्येतीचीच चौकशी होते, कामाची होत नाही. हजेरी-रजा बघणारा वरिष्ठ आणि हे काम स्वतः केलेला मार्गदर्शक, अशी दोन वेगळी माणसं मागा. टीममध्ये किमान दोन पीअर असावेत, एकटा माणूस फार लवकर थकतो. तुमचे उपचार त्याच विभागात चालू असतील तर तुमची फाइल कोण उघडू शकतं हे रुजू होण्याआधी ठरवून घ्या. अमेरिकेत मेडिकेडने (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) २००७ मध्ये या सेवेसाठी देखरेख, उपचार आराखड्याशी समन्वय आणि प्रमाणित प्रशिक्षण या अटी घातल्या. तुमच्याकडे यातलं काय आहे ते विचारा.

"याने फरक पडतो का?" हा प्रश्न तुम्हाला वरचेवर विचारला जाईल. इंग्लंडमधल्या २०१८ च्या चाचणीत एका गटाला पीअर वर्करने कार्यपुस्तिकेसह १० पर्यंत भेटी दिल्या होत्या. त्या गटातले २९ टक्के लोक वर्षभरात पुन्हा तातडीच्या मानसोपचारांत आले, अशा भेटी न मिळालेल्या दुसऱ्या गटातले ३८ टक्के. पण २०२२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या मोठ्या चाचणीत, रुग्णालयातून घरी जाताना दिलेल्या मदतीने पुन्हा दाखल होण्यात ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगा.

पगाराबद्दल संकोच नको. बहुतेक जागा अर्धवेळ, कंत्राटी आणि बढतीविना असतात. आजारपणाची रजा इतर कर्मचाऱ्यांइतकीच मिळेल, हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.