आई-बाबांना सोबतीला कुत्रा द्यायचाय?

प्रश्न : आम्ही टोरोंटोत असतो. आई-बाबा ठाण्याला, घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर. दोघंही सत्तरीचे. त्यांना सोबत म्हणून लॅब्राडूडल (लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर) घेऊन द्यावा असं मनात आहे. बाबांना अ‍ॅलर्जी आहे, पण याचे केस गळत नाहीत म्हणे. घ्यावा का?

उत्तर : आई-बाबांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही, म्हणून आधी हेच विचारते. हा 12-14 वर्षांचा संसार आहे. सरप्राइज म्हणून तो कुणाच्या दारात आणून ठेवू नये.

दोघांचा मनापासून होकार असला तरी लॅब्राडूडल नकोच. मोठ्या पूडलपासून झालेला लॅब्राडूडल 25-30 किलोंचा सहज होतो. गेटवर भटका कुत्रा दिसला आणि याने हिसका दिला, तर आईचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरे. पूडलचाच संकर हवा असेल तर कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल) किंवा कॅव्हापू (कॅव्हेलियर स्पॅनियल आणि पूडल) बघा, आणि तोही पिल्लू नको. दोन-तीन वर्षांचा, बाहेर शी-शू करायची सवय लागलेला, स्वभाव कळलेला कुत्रा मिळाला तर उत्तम. पूडलचं रक्त म्हणजे हुशारी आलीच, आणि अशा कुत्र्याच्या डोक्याला काम नसलं की दिवसभर भुंकणं सुरू.

आता अ‍ॅलर्जीचं. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडूडलची पैदास केली, ती हवाईतल्या एका अंध बाईंसाठी. त्यांच्या यजमानांना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. तेव्हासुद्धा तीन पिल्लांपैकी एकच त्यांना सोसलं. त्रास होतो तो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, नुसत्या केसांमुळे नाही. म्हणून जो कुत्रा घरी येणार आहे, त्याच्याच सोबत बाबांना तीन-चार वेळा तास-दोन तास बसू द्या. शिंका, डोळ्यांची खाज, छातीतली घरघर, काहीही दिसलं तर विषय तिथेच सोडा.

केस गळत नाहीत ही जाहिरात अर्धीच सांगतात. सुटलेला केस बाहेर पडत नाही, कुरळ्यातच अडकतो आणि जटा धरतो. वरून फिरवलेल्या ब्रशने कुत्रा छान दिसतो, खाली कातडीलगत नमदा झालेला असतो. केसांचा भांग पाडत, मुळापासून, आधी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि मग स्टीलचा कंगवा फिरवावा लागतो. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली तर रोज. कंगवा अडला तर ओढू नका, बोटांनी गाठ सोडवा. आंघोळ गुंता काढल्यावरच घाला, कारण ओल्या गाठी आणखी घट्ट होतात. आपल्या पावसाळ्यात फिरून आल्यावर मुळापर्यंत सुकवलं नाही, तर कानात आणि कातडीवर बुरशी येते. आईच्या बोटांना संधिवात असेल तर सहा-आठ आठवड्यांनी घरी येणारा ग्रूमर ठरवा, केस आखूडच ठेवायला सांगा आणि तो खर्च तुम्ही उचला.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, गवतात गोचिडी भरपूर. गोचीडताप जिवावर बेततो, त्यामुळे व्हेटने दिलेलं औषध वेळच्या वेळी हवं. मे महिन्यात फिरणं सकाळी सातच्या आत.

खाण्याचं मात्र आईला नीट समजावून सांगा, कारण आपल्याकडे लाड म्हणजे खायला घालणं. पोह्यातला कांदा, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि तुम्ही बॅगेतून आणता ती चॉकलेटं, तिन्ही कुत्र्याला विषारी.

फोटो दाखवून, अ‍ॅडव्हान्स घेऊन घरपोच देणाऱ्याकडून कुत्रा घेऊ नका. 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्या कुत्र्याच्या आई-बापांचे डोळे, गुडघे आणि कॅव्हेलियर असेल तर हृदय तपासल्याचे कागद मागा.

आणि आई-बाबा सहा महिने तुमच्याकडे आले, तर कुत्रा कुठे राहील? शेजारी की बोर्डिंग, हे त्या माणसाशी बोलून पक्कं करा. कुत्रा त्यानंतर बघायला जा.