छैलछबिला म्हणावे की फाकडा?

प्रश्न : माझा भाचा कपड्यांची आणि केसांची फार निगा राखतो. मी कौतुकाने त्याला ‘छैलछबिला’ म्हटले, तर तो रागावला आणि ‘मेट्रोसेक्शुअल म्हण’ असे सांगू लागला. अशा पुरुषासाठी मराठीत निर्दोष शब्द नाही का? — एक वाचक, सातारा

उत्तर : भाच्याचा राग रास्त आहे. ‘छैल’च्या मागे असलेल्या प्राकृत ‘छइल्ल’ शब्दाचा अर्थ चतुर, विदग्ध असा भारदस्त होता. मराठीत मात्र त्यावर लावणीचा रंग असा चढला की, आज ‘छैलछबिला’ म्हटल्यावर कपड्यांआधी चालचलणुकीविषयीच शंका येते. ‘रंगेल’ आणि ‘गुलछबू’ यांची तर बातच सोडा.

‘नटवा’ वेगळ्या जागी बोचतो. कंगवा ओला करून तिसऱ्यांदा भांग पाडणाऱ्या मुलाला घरातून ‘झाला का नट्टापट्टा?’ असे विचारले जाते, तेव्हा नटणे हे बायकांचे काम, हाच त्यातला टोमणा असतो. वात्स्यायनाला असे काही वाटलेले दिसत नाही. त्याच्या कामसूत्रातील ‘नागरक’ रोज स्नान करतो, दिवसाआड अंग चोळून घेतो, ओठांना मेण व अळिता लावून आरशात पाहतो, आणि ग्रंथकार हे सारे दिनचर्या म्हणून गंभीरपणे नोंदवतो.

भाच्याने सुचवलेला शब्दही निर्दोष नाही. मार्क सिम्प्सन या ब्रिटिश पत्रकाराने १९९४ मध्ये तो वापरला, तो खोचकपणेच.

मला स्वतःला ‘फाकडा’ आवडतो. देखणेपणा, ऐट आणि धडाडी त्यात एकत्र नांदतात, आणि १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेलेला इंग्रज कप्तान स्ट्युअर्ट मराठ्यांच्या तोंडी ‘इष्टूर फाकडा’ झाला, म्हणजे हा शब्द शत्रूलाही मोकळ्या मनाने दिला जात असे. मात्र नुसत्या इस्त्रीच्या शर्टावर तो मिळत नसे.

रोजच्या बोलण्यात ‘टापटिपीचा’ हा शब्द निर्धोक असला, तरी त्यात स्वच्छता आहे, फॅशन नाही. ‘रुबाबदार’ तर विटक्या सदऱ्यातला माणूसही असू शकतो. तेव्हा भाच्याला ‘कपड्यांचा शौकीन’ म्हणावे. त्यातला ‘कपड्यांचा’ हा शब्द तेवढा गाळू नये, कारण नुसत्या ‘शौकीन’मध्ये इतर शौकही येऊन बसतात.