शून्य तक्रारी आणि उरलेले दोन महिने

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने कळवलंय: दहा महिन्यांपूर्वी बांधाच्या भांडणावरून पोलिसांनी त्यांना रात्रभर स्टेशनात बसवलं, तळपायांवर फटके दिले, कन्नड कागदावर सही घेतली. आता माहिती अधिकारात उत्तर आलंय, की तीन वर्षांत मारहाणीच्या तक्रारी शून्य. हा खोटेपणा कोर्टात दाखवता येईल का?

उत्तर खोटं नाही हो. तुम्ही विचारलंत तक्रारी किती आल्या. मार किती जणांनी खाल्ला, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. तुम्ही तरी तक्रार कुठे दिलीत? डॉक्टरांनाही गाडीवरून पडलो म्हणालात. त्या शून्यात तुम्हीसुद्धा आहात.

अपील राहू द्या, कॅलेंडर बघा. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३, कलम ३६(२): घटनेला वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोगाला चौकशी करता येत नाही. दुसरं, स्टेशनातलं सीसीटीव्ही चित्रण. ते १८ महिने जपा, यंत्राची तेवढी क्षमताच नसेल तर वर्षापेक्षा कमी नको, असं सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला बजावलंय. म्हणजे दोन्हीकडे दोन महिने धरून चाला.

याच आठवड्यात एसपींना आणि स्टेशनांतल्या सीसीटीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा देखरेख समितीला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह अर्ज टाका: अमुक तारखेचं, अमुक वेळेपासूनचं, दरवाजा, व्हरांडा आणि लॉकअपचं चित्रण पुसू नये. तक्रार बेंगळुरूला राज्य आयोगाकडे. अर्ज कन्नडमध्ये करून घ्या, मराठी प्रत जोडा. भाषेवरून अडून बसू नका. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, तुमच्याकडे साठ दिवस आहेत.

फौजदारी खटल्याचं आज सांगता येत नाही. कर्नाटक पोलिस कायद्याचं कलम १७० सरकारची पूर्वपरवानगी मागतं, आणि अधिकार ओलांडून केलेलं कृत्यही, कामाशी संबंध असेल तर, त्यात येतं असं २०२० मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. सहीचा कागद जबाब असेल तर त्यावर सही घ्यायचीच नसते. माफीनामा असेल तर आधी मला दाखवा.

आणि त्या डॉक्टरांकडे जा. नोंद बदला म्हणू नका, आहे तशी नक्कल घ्या. जखमा कुठे होत्या तेवढं त्यांनी लिहिलं असलं तरी पुरे. गाडीवरून पडणाऱ्याच्या दोन्ही तळपायांवर वळ उठत नाहीत.